माणसे बदलली तरी काम का थांबले नाही? : प्रशिक्षक निक सेबन यांच्या नेतृत्वाचा अभ्यास



जून महिना आला की प्रत्येक शाळेत एक सभा होते. कोणता वर्ग कोणाकडे, पोषण आहाराची नोंद कोण ठेवणार, शिष्यवृत्तीचे जादा तास कोण घेणार, क्रीडास्पर्धा कोणाकडे, ऑनलाइन माहिती कोण भरणार. बऱ्याच ठिकाणी ही सभा अर्ध्या तासात आटोपते. "मागच्या वर्षीचंच चालू ठेवू या की," असे कोणीतरी म्हणते, तोवर चहा येतो आणि विषय संपतो. पण वर्षभर मुलांच्या पदरात काय पडणार, हे त्याच अर्ध्या तासात बरेचसे ठरलेले असते. पहिलीचा वर्ग कोणाच्या हाती दिला, यावर त्या मुलांची पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात.

डी.एड.ला असताना आपण सगळ्यांनी नेतृत्वाचे प्रकार पाठ केले. लोकशाहीवादी नेतृत्व, हुकूमशाही नेतृत्व, मुक्त नेतृत्व, त्यांचे गुण-दोष. पेपरात गुणही मिळाले. पण काम कोणाला द्यायचे, का द्यायचे, ते कधी काढून घ्यायचे आणि काढून घेतल्यावर त्या माणसाचे काय करायचे, हे त्या प्रकरणात नव्हते. आजच्या लेखात आपण नेमका हाच भाग पाहणार आहोत. त्यासाठी उदाहरण जरा दूरचे घेतले आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचे प्रशिक्षक निक सेबन यांचे. दूरचे अशासाठी की, जवळची उदाहरणे घेतली की लगेच माणसांची नावे निघतात आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

आधी हा खेळ समजून घेऊ

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळतात किंवा फेकतात. एका वेळी मैदानात प्रत्येक संघाचे ११ खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांनी चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे जायचे; नाही जमले तर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. चढाई करणारे खेळाडू वेगळे, बचाव करणारे वेगळे. चढाईच्या वेळी चेंडू हातात घेऊन तो कोणाकडे द्यायचा हे ठरवणाऱ्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. संघातली ही सगळ्यात महत्त्वाची जागा.

मोठ्या विद्यापीठाच्या संघात शंभराच्या आसपास मुले असतात. सेबन यांच्या काळात त्यातल्या ८५ जणांना शिष्यवृत्ती देता येत असे. एवढी मुले एकटा माणूस शिकवू शकत नाही. म्हणून मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली सहायक प्रशिक्षक असतात. २०१८ पासून मैदानावर शिकवणाऱ्या सहायकांची मर्यादा १० होती. त्यातला एक चढाईचा प्रमुख आणि एक बचावाचा प्रमुख. मुख्य प्रशिक्षक हा एका अर्थाने मुख्याध्यापकच असतो. प्रत्यक्ष शिकवण्याचे बरेचसे काम दुसरे करतात, पण निकालाची जबाबदारी त्याच्यावर असते.

आणखी एक साम्य आहे. मुले महाविद्यालयात साधारण चार वर्षे असतात. दरवर्षी तयार झालेली एक तुकडी बाहेर पडते आणि नवखी तुकडी आत येते. आपल्या शाळेसारखेच. तेव्हा "चांगली मुले मिळाली म्हणून यश मिळाले" हे एखाद्या वर्षी म्हणता येते, सतरा वर्षे म्हणता येत नाही.

निक सेबन कोण?

सेबन यांचा जन्म १९५१ चा, वेस्ट व्हर्जिनिया या कोळसाखाणींच्या राज्यातला. वडिलांचा पेट्रोल पंप होता आणि ते गावातल्या लहान मुलांचा फुटबॉल संघही चालवायचे. पंपावर आलेल्या गाड्या धुवायचे काम निक करायचा. धुतलेल्या गाडीवर एक जरी ओघळ दिसला, तरी वडील ती गाडी पुन्हा पहिल्यापासून धुवायला लावत. ही आठवण सेबन यांनी अनेकदा सांगितली आहे.

गंमत म्हणजे त्यांना प्रशिक्षक व्हायचेच नव्हते. केंट स्टेट विद्यापीठातून १९७३ मध्ये ते पदवीधर झाले, तेव्हा त्यांच्या पत्नीचे शिक्षण संपायला वर्ष बाकी होते. तिथले प्रशिक्षक डॉन जेम्स यांनी त्यांना सांगितले की, पुढचे शिक्षण घेता घेता माझ्याकडे सहायक म्हणून राहा. वर्षभरासाठी म्हणून पत्करलेले काम पुढे पन्नास वर्षे चालले. म्हणजे माणसे निवडण्यासाठी नावाजलेला हा प्रशिक्षक स्वतःच दुसऱ्या कोणाच्या तरी निवडीतून घडला.

पुढे त्यांनी मिशिगन स्टेट, लुइझियाना स्टेट अशा विद्यापीठांत काम केले. २००३ च्या हंगामात लुइझियाना स्टेटला त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. २००५ आणि २००६ ही दोन वर्षे ते मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाकडे होते. तिथे ते फारसे यशस्वी झाले नाहीत. १५ सामने जिंकले, १७ हरले. २००७ मध्ये ते अलाबामा विद्यापीठात आले. पहिल्याच वर्षी घरच्या मैदानावर लुइझियाना-मनरो या दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाकडून हार पत्करावी लागली. हंगाम कसाबसा ७ विजय आणि ६ पराभवांवर संपला. त्यानंतर मात्र २००९, २०११, २०१२, २०१५, २०१७ आणि २०२० अशा ६ हंगामांत अलाबामा राष्ट्रीय विजेता ठरला. जानेवारी २०२४ मध्ये सेबन निवृत्त झाले.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या ६ विजेतेपदांच्या वेळी चढाईचे प्रमुख एकूण ५ वेगवेगळे होते. २००९ आणि २०११ ला जिम मॅकएल्वेन, २०१२ ला डग नुसमायर, २०१५ ला लेन किफिन, २०१७ ला ब्रायन डेबोल आणि २०२० ला स्टीव्ह सार्किसियन. आपल्याकडे एक चांगला शिक्षक बदलून गेला की "आता या शाळेचं काही खरं नाही" असे गावात बोलले जाते. इथे तर मुख्य सहायक सारखे बदलत होते आणि संघ जिंकत होता. हे कसे जमले, ते एकेक निर्णय घेऊन पाहू.

पहिला निर्णय : काम नेमके सांगणे

१९९८ मध्ये मिशिगन स्टेटला असताना सेबन यांच्या संघाची गाठ पहिल्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटशी होती. त्याच विद्यापीठातले मानसोपचाराचे प्राध्यापक लायोनेल रोझेन यांचा सल्ला सेबन घेत असत. रोझेन यांचे म्हणणे असे की, एक डाव सरासरी सात सेकंदांचा असतो. मुलांना गुणफलक विसरायला सांगा, फक्त समोरच्या सात सेकंदांत आपले काम पूर्ण करायला सांगा. तो संपला की पुढचा. संघाने तसे केले आणि २८-२४ असा सामना जिंकला. पुढे सेबन यांच्या कामात 'प्रक्रिया' हा शब्द परवलीचा झाला, त्याची एक मोठी पायरी हीच.

त्याआधी १९९१ ते १९९४ या काळात ते क्लीव्हलँड ब्राउन्स या व्यावसायिक संघात बिल बेलिचिक यांच्या हाताखाली बचावाचे प्रमुख होते. प्रत्येकाने आपापले काम नीट करावे, ही शिस्त त्यांनी तिथे अनुभवली होती.

याचा माणसे नेमण्याशी काय संबंध? फार जवळचा. काम नेमके लिहिलेले असेल, तर माणूस बदलला तरी पुढचा माणूस तिथून सुरुवात करू शकतो. काम फक्त माणसाच्या डोक्यात असेल, तर तो गेला की कामही गेले. आपल्याकडे बदली झालेले गुरुजी चार्ज देतात तेव्हा कपाटाच्या किल्ल्या देतात, रजिस्टरे देतात, जडवस्तू संग्रहाची यादी देतात. पण "तिसरीतल्या या चार मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही, आणि या मुलीला फळ्यावरचे दिसत नाही, तिला पुढे बसवा" हा चार्ज किती जण देतात? मुलांच्या दृष्टीने खरा चार्ज तोच असतो.

दुसरा निर्णय : आपल्याला जे येत नाही ते येणारा माणूस शोधणे

सेबन मूळचे बचावाचे माणूस. खेळाडू म्हणूनही बचावात खेळलेले. २०१२ च्या सुमारास अनेक संघ एका पाठोपाठ एक डाव इतक्या वेगाने खेळू लागले की समोरच्यांना खेळाडू बदलायलाही उसंत मिळेना. सेबन यांना हे आवडले नाही. खेळाडूंच्या सुरक्षिततेचा मुद्दा काढून त्यांनी जाहीर नाराजी दाखवली. पण नियम बदलले नाहीत.

मग त्यांनी काय केले? २०१४ मध्ये लेन किफिन यांना चढाईचे प्रमुख नेमले. किफिन चढाईचे जाणकार, पण स्वभावाने सेबन यांच्या अगदी उलट. सेबन शिस्तीचे, मोजके बोलणारे. किफिन मोकळे, थोडे वादग्रस्त. काही महिन्यांपूर्वीच, २०१३ च्या हंगामात मध्येच, किफिन यांना सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षकपदावरून काढले होते. बाहेरच्या लोकांना ही निवड विचित्र वाटली. पण सेबन यांना आपल्यासारखा दुसरा माणूस नको होता. नवी चढाई जाणणारा माणूस हवा होता. अलाबामाचा खेळ बदलला आणि २०१५ चे विजेतेपद त्याच काळात आले.

मुख्याध्यापक मित्रांनो, इथे जरा थांबून विचार करू या. शाळेत नवा शिक्षक येतो. त्याला मोबाइलवर मुलांचे छोटे व्हिडिओ करता येतात, किंवा तिला गाण्यातून इंग्रजी शिकवता येते. आपल्याला ते येत नाही आणि मनातून फारसे पटतही नाही. अशा वेळी "आमच्या शाळेत असलं चालत नाही" म्हणणे सोपे असते. एका वर्गावर, एका सत्रासाठी, ते करून पाहू देणे अवघड असते. सेबन यांनी अवघड बाजू घेतली. आपले मत त्यांनी कदाचित सोडले नसेल. पण मुलांना काय लागते आहे, हे त्यांनी आपल्या मताच्या वर ठेवले.

तिसरा निर्णय : पडलेल्या माणसाला मर्यादित काम देणे

स्टीव्ह सार्किसियन यांची गोष्ट पालकांनीही मुद्दाम वाचावी अशी आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांनाही मुख्य प्रशिक्षकपदावरून काढले. दारूच्या व्यसनावर त्यांना उपचार घ्यावे लागले, आणि हे सगळे वर्तमानपत्रांत छापून आले. अशा माणसाला कोण काम देणार?

२०१६ मध्ये सेबन यांनी त्यांना घेतले. पण कोणत्या पदावर, ते बघा. विश्लेषक म्हणून. सामन्यांची चित्रफीत पाहायची, समोरच्या संघाचा अभ्यास करून द्यायचा. त्या वेळच्या नियमांप्रमाणे विश्लेषकाला मैदानावर खेळाडूंना शिकवताही येत नसे. म्हणजे पद लहान, प्रसिद्धी नाही, पण रोजचे काम, रोजची वेळ आणि रोजचा संघ मिळाला. सार्किसियन पुढे दोन वर्षे एका व्यावसायिक संघात गेले आणि २०१९ मध्ये चढाईचे प्रमुख म्हणून परत आले. २०२० मध्ये अलाबामाने १३ पैकी १३ सामने जिंकले आणि देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार सार्किसियन यांना मिळाला. लगेच टेक्सास विद्यापीठाने त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून नेले.

आता हे फक्त दयेपोटी झाले असे मानू नका. अनुभवी माणूस कमी पदावर मिळत होता, यात अलाबामाचाही फायदा होता. पण दोघांचे भले होईल असे काम शोधणे यालाच तर कामवाटप म्हणतात. एखादा सहकारी घरच्या आजारपणाने, कर्जाने किंवा आणखी कशाने खचलेला असतो. त्याला सगळी कामे देऊन उपयोग नाही आणि "त्यांना काही सांगू नका, ते कामाचे नाहीत" म्हणून बाजूला बसवणे तर सगळ्यात वाईट. नेमके, पूर्ण करता येईल असे आणि शाळेला खरोखर उपयोगी पडेल असे एक काम द्यावे. तीच गोष्ट वर्गातल्या मुलांची. वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाला परत आल्यावर पहिल्याच दिवशी वाचायला उभे करू नका. वाचनपेटीतली पुस्तके मोजून वहीत लिहायचे काम द्या. उद्या शाळेत यायला त्याला एक कारण मिळते.

चौथा निर्णय : काम काढून घेणे, पण माणूस न काढणे

८ जानेवारी २०१८. अटलांटा शहर, राष्ट्रीय विजेतेपदाचा अंतिम सामना, समोर जॉर्जिया विद्यापीठ. मध्यंतराला अलाबामा ०-१३ ने मागे. क्वार्टरबॅक होता जेलन हर्ट्स. साधा खेळाडू नव्हे; दोन वर्षांत त्याने सुरुवात केलेल्या २८ सामन्यांपैकी फक्त २ अलाबामा हरले होते. सेबन यांनी मध्यंतरानंतर त्याला बसवले आणि पहिल्या वर्षाच्या टुआ टागोवायलोआ या मुलाला मैदानात पाठवले. टुआने चुकाही केल्या. जादा वेळेत तर तो मागे ढकलला गेला आणि संघाचे १६ यार्ड गेले. पुढच्याच डावात त्याने ४१ यार्डांचा पास देऊन सामना जिंकला. गुण २६-२३.

सगळ्यांना ही गोष्ट इथपर्यंत माहीत असते. आपल्यासाठी मात्र खरा धडा यापुढे आहे.

पुढच्या हंगामात टुआ पहिल्या पसंतीचा झाला. हर्ट्सला दुसऱ्या विद्यापीठात जाता आले असते. तो गेला नाही. सराव करत राहिला, शिकत राहिला. प्रशिक्षकांनीही त्याला अडगळीत टाकले नाही. गरज पडेल त्या दिवसासाठी तयार ठेवले. १ डिसेंबर २०१८ ला पुन्हा अटलांटा, तेच मैदान, पुन्हा जॉर्जिया. शेवटच्या सत्रात अलाबामा मागे असताना टुआ जखमी झाला. हर्ट्स आत आला. त्याने आधी बरोबरी साधून दिली आणि मग स्वतः चेंडू घेऊन धावत विजयी गुण केले. ३५-२८. त्याच महिन्यात तो पदवीधर झाला आणि पुढचा हंगाम ओक्लाहोमा विद्यापीठाकडून खेळला. फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने व्यावसायिक फुटबॉलचा सुपर बोल जिंकला, तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक हाच हर्ट्स होता आणि सामनावीरही तोच.

स्नेहसंमेलनातल्या नाटकात एका मुलाला मुख्य काम दिलेले असते. चार दिवसांवर कार्यक्रम आला तरी संवाद पाठ होत नाहीत. बदल करावा लागतो. बदल करणे चूक नाही, कारण बाकी वीस मुलांचे नाटक त्यावर अवलंबून आहे. पण त्या मुलाचे पुढे काय? त्याला आपण स्वतः सांगितले का, की त्याला दुसऱ्या मुलाकडून कळले? त्याच्या हाती दुसरे काही काम दिले का? जानेवारीत त्याला पुन्हा एखादी संधी मिळाली का? काम काढून घेण्याचा निर्णय एका मिनिटाचा असतो. त्यानंतरची जबाबदारी वर्षभराची असते.

पाचवा निर्णय : जाणाऱ्या माणसाशी कसे वागायचे

बदलीचा आदेश आला की त्या शिक्षकाचे अर्धे मन नव्या शाळेत जाते, हे आपण पाहतोच. सेबन यांच्यापुढे हा प्रश्न दरवर्षी असायचा, कारण यशस्वी संघाचे सहायक सगळ्यांनाच हवे असतात.

कर्बी स्मार्ट २००८ पासून अलाबामाच्या बचावाचे प्रमुख होते. डिसेंबर २०१५ मध्ये जॉर्जियाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. तरी जानेवारी २०१६ च्या अंतिम सामन्यापर्यंत ते अलाबामाचे काम करत राहिले. अलाबामा जिंकले. पुढच्याच वर्षी किफिन यांची फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठात निवड झाली. तेही शेवटपर्यंत थांबणार होते. पण उपांत्य सामन्यानंतर, अंतिम सामन्याला एक आठवडा उरला असताना, दोघांच्या संमतीने त्यांना कार्यमुक्त करण्यात आले आणि ते काम सार्किसियन यांच्याकडे आले. तो सामना अलाबामा ३१-३५ असा हरले. क्लेम्सन विद्यापीठाने विजयी गुण केले तेव्हा घड्याळात फक्त एक सेकंद उरला होता.

मग किफिन यांच्याबाबतचा निर्णय चुकला का? एका सेकंदाच्या फरकावरून असे ठरवणे बरोबर नाही. ते राहिले असते तर काय झाले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही. आपण एवढेच पाहू की, "जाणारा आहे म्हणून लगेच काढा" किंवा "इतकी वर्षे केलं म्हणून शेवटपर्यंत ठेवा" असा सरसकट नियम सेबन यांनी लावला नाही. त्या माणसाचे लक्ष आज कामावर आहे का, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि दोन माणसांबाबत दोन उत्तरे दिली. असा निर्णय घेणाऱ्याला पराभवाची जबाबदारीही स्वतःच्या अंगावर घ्यावी लागते.

शिष्य गुरूला हरवतात तेव्हा

इतकी माणसे तयार करून बाहेर पाठवली, की एक दिवस ती समोर उभी राहणारच. आपल्या जुन्या सहायकांच्या संघांविरुद्ध सेबन यांनी पहिले २४ सामने सलग जिंकले. ऑक्टोबर २०२१ मध्ये जिम्बो फिशर यांच्या टेक्सास ए अँड एम संघाने त्यांना ४१-३८ असे हरवले. जानेवारी २०२२ मध्ये कर्बी स्मार्ट यांच्या जॉर्जियाने राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात ३३-१८ असे हरवले. सप्टेंबर २०२३ मध्ये सार्किसियन यांचा टेक्सास संघ अलाबामाच्या घरच्या मैदानावर ३४-२४ असा जिंकला.

हे होणार हे माहीत असूनही त्यांनी शिकवणे आखडते घेतले नाही. आखडते घेतले असते तर ते सहायक तयार झालेच नसते, आणि मग अलाबामाही जिंकले नसते. आपल्याकडे काही शाळांत शिष्यवृत्तीच्या नोट्स कपाटात कुलपात असतात. त्या शिक्षकांची बदली झाली की नोट्सही जातात. नुकसान मुलांचे होते.

काय घेऊ नये, हेही सांगायला हवे

एखाद्या मोठ्या माणसाचे उदाहरण दिले की आपण त्याचे सगळेच डोक्यावर घेतो. तसे करू नये.

एक, सेबन मैदानाच्या कडेला सहायकांवर कॅमेऱ्यासमोर ओरडताना दिसायचे. किफिन यांनी त्यातले बरेच सोसले. मुलांसमोर सहकाऱ्याला बोलणे शाळेत कधीच योग्य नाही.

दोन, डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी "मी अलाबामाला जाणार नाही" असे जाहीरपणे सांगितले आणि जानेवारी २००७ मध्ये ते तिथेच गेले. मायामीच्या लोकांनी ते मनाला लावून घेतले, आणि त्यांचे काही चुकले नाही.

तीन, अलाबामाचा पहिला करार ८ वर्षांसाठी ३ कोटी २० लाख डॉलरचा होता. एवढा पैसा आणि माणसे निवडायचे व काढायचे एवढे स्वातंत्र्य आपल्या मुख्याध्यापकांकडे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक वरून येतात आणि वरूनच जातात. द्विशिक्षकी शाळेत तर वाटप तरी कोणाला करणार, असा प्रश्न पडतो.

हा फरक खरा आहे. पण त्यामुळे एक गोष्ट अधिक स्पष्ट होते. माणसे निवडणे आपल्या हातात नसेल, तर आलेल्या माणसाला कोणते काम द्यायचे एवढेच हातात उरते. म्हणून तर जूनची ती सभा चहाच्या घोटासरशी संपवू नये.

आपल्या शाळेत काय करता येईल?

१. कामवाटपापूर्वी प्रत्येक शिक्षकाला एका कागदावर दोन गोष्टी लिहायला सांगा : मला कोणते काम चांगले जमते आणि या वर्षी मला काय शिकायचे आहे. वाटप करताना तो कागद समोर ठेवा.

२. प्रत्येक जबाबदारीची एका पानाची टिपणवही ठेवा. काय करायचे, केव्हा करायचे, मागच्या वर्षी काय अडले. माणूस बदलला तरी ती वही शाळेत राहील.

३. वर्ग एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जाताना मुलांविषयी बोलण्यासाठी किमान एक तास राखून ठेवा. द्विशिक्षकी शाळेत तर हे दोघांना सहज जमेल.

४. एखाद्याकडून काम काढून घेतले, तर त्याच दिवशी, समोर बसून, कारणासह सांगा. आणि पुढचे काम कोणते तेही तेव्हाच सांगा.

५. वर्गमंत्री निवडताना दरवर्षी तोच हुशार मुलगा नको. पाणी, वाचनपेटी, परिपाठ, बाग अशी छोटी पदे करा आणि दर दोन महिन्यांनी मुले बदला. पद सोडणाऱ्या मुलाने नव्या मुलाला काम शिकवायचे. चार्ज द्यायला मुले इथूनच शिकतात.

पालकांसाठी दोन शब्द

आपल्या मुलाला संघातून, नाटकातून किंवा वर्गमंत्रिपदावरून बाजूला केले की आपल्याला राग येतो. येणारच. शाळेत जरूर या, पण "का काढलं?" याच्या बरोबरीने "आता त्याला काय द्याल, आणि त्याने कशाची तयारी करावी?" हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांकडे असायलाच हवे. नसेल तर तुमची तक्रार योग्य आहे.

आणि घरी मुलाला हर्ट्सची गोष्ट सांगा. जिंकलेल्या सामन्याची सांगालच. पण त्या सामन्याआधी जवळजवळ वर्षभर तो बाकावर बसून रोज सराव करत होता, हेही सांगायला विसरू नका.